न्हाव्याचा डावा डोळा

४ फेब्रुवारी

भिंगरे,

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील, म्हणून आधीच सांगते. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि तेवढ्यात दुसरंच काहीतरी बघत असतेस. मला ते ऐकू येतं. तुझं "हो" आधी येतं, माझं वाक्य नंतर संपतं. पत्र निदान हातात धरावं लागतं, आणि उत्तर द्यायचं तर आधी वाचावं लागतं.

पाय बरा आहे. तुझ्या ताईने मला तळमजल्यावर खिडकीशी ठेवलंय, कुंडी ठेवतात तसं. लेक गुणाची आहे, पण दिवसभर कामावर असते. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण जिने विसरा. म्हणजे आपली वरची खोली, जिथे मी इतकी वर्षं लोकांचे खोटे डोळे केले, ती आता माझ्या आवाक्यात नाही. तू तिथे शिकायला आलीस त्याला वर्ष होईल. एका जागी टिकायचा तुझा हा विक्रमच असणार. बापावर गेली असतीस तर केव्हाच पळाली असतीस.

आता कामाचं. घरमालक खोली मागतोय. मार्च संपायच्या आत त्याला हो-नाही सांगायचंय. मी असं ठरवलंय: न्हाव्याचा डावा डोळा तुझ्या एकटीच्या हातून नीट झाला, तर खोली राहील आणि ती तुझी. नाही झाला, तर अवजारं विकायची आणि पाटी उतरवायची. ही धमकी नाही. आपली चूक दुसऱ्याने तोंडावर घेऊन फिरायची, असला हा धंदा आहे.

त्याच्या खोबणीचा साचा मी पडायच्या आधीच घेतला होता. पांढरा भागही घडवून ठेवलाय. राहिलंय ते बुबुळ. न्हाव्याला खिडकीशी बसवायचं, त्याच्या चांगल्या, उजव्या डोळ्याकडे बघायचं आणि चकतीवर रंगवायचं. मधला काळा ठिपका, म्हणजे बाहुली, आधी. मग तिच्याभोवतीचा रंग, पातळ पातळ, एकावर एक. ब्रश एकदा टेकला की दोनदा वर बघायचं. तू उलटं करतेस. आणि तुझा फोन दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात. शिरांसाठी लाल रेशमी धागा उरलाय का ते कळव.

तो बिचारा काळा चष्मा लावून दाढ्या करतोय. गिऱ्हाईक मान पुढे करेल का?

आत्या


११ फेब्रुवारी

आत्याबाई,

साष्टांग नमस्कार घालायला खोलीत जागा नाही म्हणून उभ्यानेच घालते. प्लास्टरला वेगळा.

लिहायला बसले आणि पेन शोधताना तुझ्या खणात दोन जुने डोळे सापडले, एक घारा, एक काळा. ते असे काही बघायला लागले की मी खण लावून टाकला. पेन आतच राहिलं. म्हणून ही पेन्सिल.

फोन डब्यात घातला. पत्र्याच्या डब्यात फोन थरथरला की काय होतं माहीत आहे का? गारा पडतात! न्हावीकाका खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, "पोरी, तुझ्या डब्याला भूक लागलीय." मग मी आत फडकं अंथरलं. आता आवाज येत नाही, पण हात ऐकत नाही. तो थोड्या थोड्या वेळाने खिशाकडे निघतो, खिसा रिकामा बघून परत फिरतो आणि येताना कुठेतरी रेंगाळतो, कधी नाकावर, कधी तुझ्या रंगाच्या बाटल्यांवर. मला वाटायचं सगळा दोष त्या यंत्राचा. आता यंत्र नाही तर खिडकी आहे. समोरच्या इमारतीतला एक माणूस रोज एकच निळा शर्ट इस्त्री करतो. रोज तोच! दुसरा नाही की काय त्याच्याकडे? की त्या शर्टाला इस्त्री लागतच नाही? या प्रश्नावर माझी अर्धी सकाळ गेली. खालच्या मजल्यावर कोणीतरी बासरी शिकतंय आणि नेहमी एकाच वळणावर घसरतंय. ते वळण आलं की माझा ब्रश थांबतो, कारण मी त्याच्यासाठी श्वास धरून बसलेली असते.

बोटींवर नावं रंगवायचे तेव्हा असं व्हायचं नाही. तिथे अक्षर वाकडं झालं तरी बोट निघून जायची, मागे कोण बघतंय. फळबागेत होते तेव्हा तर... राहू दे, तू म्हणशील गाडी कुठे चालली.

तर डोळा. लाल धागा भरपूर आहे, निळ्या डबीत. पहिल्या दिवशी काही झालं नाही, काका फार चुळबुळले. तुझ्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत बसा म्हटलं तर म्हणाले, "भिंतीचे केस वाढत नाहीत, किती वेळ बघू?" दुसऱ्या दिवसापासून मात्र शहाणं बाळ. आपला फोन समोरच्या बाटल्यांना टेकवून ठेवतात आणि त्यात बघत बसतात. मान हलत नाही, पापणी हलत नाही. पुतळा! ते फोन बघतात, मी डोळा बघते, दोघांचं झकास चाललंय. बाहुली रंगवून झाली, तपकिरीचा पहिला थरही बसला.

जिन्यातल्या मांजरीने तुझ्या पायपुसण्यावर पिल्लं घातली आहेत. पायपुसणं गेलं असं समज.

तुझी,
भिंगरी


१८ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र मिळालं. लांबलचक आहे, मजा आली. इस्त्रीवाला मला माहीत आहे. शर्ट एक नाही, सगळे एकाच रंगाचे आहेत. कधीतरी खिडकीत वाळत घालतो तेव्हा मोज.

मन खिडकीतून गेलं तर जाऊ दे. त्याच्यामागे धावलीस तर तूही गेलीस. ब्रश धुवायचा, वर बघायचं. मला काही याहून मोठं माहीत नाही.

तपकिरी म्हणजे तपकिरी नसतो हे लक्षात ठेव. कडेला जरा करडा, आत बाहुलीजवळ मधासारखा. थर वाळला की त्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघ. वरून पारदर्शक थर चढल्यावर डोळा कसा दिसेल ते त्या थेंबात आधीच दिसतं. रंग थेंबात बघायचा, चकतीवर नाही.

लाल धागा आहे का ते कळवलं नाहीस. नसेल तर तसं लिही, ताईकडून मागवते.

इथे दिवस जातो. ताईने तिचा टॅब दिलाय, म्हणाली आई, एकटी किती वेळ भिंत बघशील. त्यात एक माणूस आहे, तो चिखलाने काळेठिक्कर पडलेले गालिचे धुतो. फक्त धुतो, बोलत नाही. गालिच्याचा खरा रंग कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही. तुला विषय भरकटल्याबद्दल बोलते आणि मीच... पुरे.

चांगलं चाललंय असं दिसतं. असंच चालू दे.

आत्या


१ मार्च

आत्या,

नमस्कार. डोळा झाला. पॉलिश केला. काकांना बसवून दिला. खोबणीत बरोबर बसला, टोचत नाही म्हणाले.

इकडे सगळं ठीक. तू पायाची काळजी घे.

भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र चार ओळींत संपलं. मांजर नाही, बासरी नाही, इस्त्रीवाला नाही. तू लहानपणी आरसा फोडलास तेव्हाही अशीच शहाण्यासारखी बोलायला लागली होतीस.

काय झालं ते लिही.

आत्या


९ मार्च

आत्या,

बरं, लिहिते.

डोळा बसवला तेव्हा काकांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "झाला की गं!" मीही म्हटलं झाला की. आम्ही दोघं खूश. रंग अगदी जुळला होता, तुझ्या थेंबातसुद्धा. मग काकूंना वर बोलावलं. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

काका म्हणाले, "मी कशाला रागावू?"

"तुम्ही नाही. हा रागावलाय. एका डोळ्याने ऐकताय आणि दुसऱ्याने संशय घेताय."

काकांना हसू आलं, मलाही. पण घरी गेल्यावर कोणी हसलं नाही. त्यांनी दोन दिवस दुकानात लावला. पहिलंच गिऱ्हाईक आरशात बघून म्हणालं, "मालक, माझं काही चुकलं का?" दुसरा दाढीला आला होता तो केस कापून गेला. तिसऱ्या दिवशी काकांनी डोळा काढून वाटीत ठेवला आणि काळा चष्मा लावला. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाटी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या मेहनतीत काही कमी नाही, पोरी. माझंच तोंड असं असेल."

मी तो डोळा घेऊन त्यांच्या दुसऱ्या डोळ्याशेजारी धरला. रंग तोच आहे. बाहुली लहान आहे, आत्या. फार लहान. टाचणी टोचल्यासारखी. पण मी तेवढीच पाहिली होती! शपथ घेऊन सांगते, ब्रश एकदा, डोळा दोनदा, तू म्हणालीस तसंच. रोज ती तेवढीच होती. जे दिसलं तेच रंगवलं. आता बघावं तर मोठी आहे. माणसाचा डोळा असा बदलतो का गं? की मला दिसतच नाही नीट?

महिना संपायला तीनच आठवडे आहेत. चकती पुन्हा करावी लागेल, मला कळतंय. पण काय चुकलं तेच कळलं नाही तर पुन्हा तेच होईल.

भिंगरी


१३ मार्च

भिंगरे,

तुझी नजर चांगली आहे. चूक दुसरीकडे आहे.

बाहुली उजेडात आकसते. अगदी जवळचं काही बघितलं तरी आकसते. म्हणून तर तो भिंतीवरचा ठिपका, म्हणून तर खिडकीवर अर्धा पडदा. आता मला सांग, तो बसलेला असताना कशाकडे बघत होता? त्याच्यासमोर फोन होता का? फोन म्हणजे जवळचा आणि वर उजेडाचा. तसं असेल तर तू न्हाव्याचा डोळा रंगवलाच नाहीस, फोन बघणाऱ्याचा रंगवलास. आणि माणूस फोनकडे बघतो तसा समोरच्याकडे बघायला लागला, तर समोरचा म्हणणारच, माझं काही चुकलं का.

माझ्यासमोर बसून फोन काढायची कोणाची छाती झाली नाही, त्यामुळे हा नियम सांगावा लागेल असं मला सुचलं नाही. पण तू हे मला तेव्हाच लिहायला हवं होतंस. एका ओळीत मी थांबवलं असतं. वर्षभर शेजारी बसून हेही तुझ्या लक्षात येऊ नये म्हणजे कमाल आहे. लक्ष कुठे असतं तुझं?

आत्या


१६ मार्च

आत्या,

माझं ११ फेब्रुवारीचं पत्र काढ. दुसरं पान. मांजरीच्या वर. "आपला फोन समोरच्या बाटल्यांना टेकवून ठेवतात आणि त्यात बघत बसतात." मी तेव्हाच लिहिलं होतं. पेन्सिलीने लिहिलं, पण लिहिलं.

आणि लाल धागा निळ्या डबीत आहे हेही त्याच पानावर आहे. तू पुन्हा विचारलंस तेव्हा मला वाटलं, म्हातारी झालीय, विसरली. तू विसरली नव्हतीस. तू वाचलंच नव्हतंस. "चांगलं चाललंय, असंच चालू दे" म्हणालीस, आणि मी तसंच चालू दिलं.

शाळेतही हेच. मास्तर फळ्याकडे तोंड करून सांगायचे, लक्ष कुठे आहे तुझं. निदान ते फळा तरी बघत होते.

ओळखीची एक बोट रंगकामासाठी माणूस शोधतेय. पंचवीसला निघते. मी हो म्हणायचं ठरवलंय. चावी शेजारी ठेवून जाईन. घरमालकाला काय सांगायचं ते सांग. आता तसाही फरक पडत नाही.

पायाला जप.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरे,

पत्र काढलं. दुसरं पान, मांजरीच्या वर. आहे.

कसं झालं ते सांगते, कारण तुला असं वाटायला नको की मी वाचलंच नाही. वाचलं. ते पत्र मी टॅबला टेकवून वाचलं. मागे तो माणूस गालिचा धूत होता, निळा निघतो की हिरवा ते बघायचं होतं. इस्त्रीवाला आला, बासरी आली, हसले. मग गालिचा बघितला. मग एकदम पिल्लं घातलेलं पायपुसणं. मधली अक्षरं माझ्या डोळ्यांखालून गेली, मी तिथे नव्हते. गालिचा शेवटी तपकिरी निघाला.

तुझं फोनवर लक्ष नसतं म्हणून तुला पत्रं लिहायला लावली, आणि पत्रात मीच नव्हते. ताई परवा म्हणाली, "आई, तुझं हो आधी येतं हल्ली." मी "हो" म्हणाले.

टॅब परत केला असं लिहिणार होते. तसं नाही. कपाटावर वर ठेवायला सांगितलाय. काठीने पोचत नाही. एकदा प्रयत्न करून बघितलं.

खोलीचं बोलणं मात्र होतं तेच आहे. चूक माझी, पण त्याने न्हाव्याचा डोळा नीट होत नाही. झाला तर खोली, नाही झाला तर नाही. घरमालकाला मी अजून काही कळवलेलं नाही.

बोटीवर जायचं तर जा. तुला अडवायचा हक्क मी त्या पानावर घालवला. फक्त न्हाव्याला भेटून जा. चूक त्याच्या तोंडात नव्हती, एवढं त्याला सांग. तो मनाला लावून घेणारा माणूस आहे.

आत्या


२६ मार्च

आत्या,

बोट काल गेली. मी इथेच आहे.

बावीस तारखेला, तू सांगितलंस म्हणून, काकांच्या दुकानात गेले. निरोपाचे केसही कापून घेऊ म्हटलं, बोटीवर कोण कापतंय. खुर्चीत कोणीतरी दाढीला बसलेलं होतं म्हणून बाकावर थांबले. काकांनी दाढीपुरता चष्मा काढला, हल्ली तो लावून त्यांना खुंट दिसत नाहीत. त्यांची माझ्याकडे पाठ होती, पण समोर आरसा होता. आरशात त्यांचा उजवा डोळा दिसला. वस्तरा कानाखालून हनुवटीकडे चालला होता आणि तो डोळा त्याच्या पुढे पुढे. बाहुली ना टाचणीएवढी, ना बशीएवढी. बरोबर होती. तिथे लोक त्यांना बघतात, आत्या. खिडकीशी बसून भिंतीकडे बघणारा न्हावी कोणी बघितलाय?

मी उठले आणि धावत खोलीवर गेले. मला वाटतं काकांना वाटलं मी घाबरून पळाले.

रंगांची पेटी, नवी चकती, भिंग, सगळं घेऊन परत आले. म्हटलं, "काका, इथेच रंगवते."

"इथे? केस उडतात इथे. माझ्या डोळ्यात कोणाची मिशी अडकवशील."

"चकतीवर बशी उपडी घालीन."

"आणि मी कुठे बघू?"

"तुम्ही काम करा. माझ्याकडे बघू नका म्हणजे झालं."

"हे बरं आहे," ते म्हणाले. "बसायचे पैसे गिऱ्हाईक देणार आणि डोळा माझा होणार."

तीन दिवस दुकान उघडल्यापासून दुपारपर्यंत बसले. बसले कसलं, काका खुर्चीभोवती फिरतात तशी मीही फिरले. ते डावीकडे गेले की मी बाकाच्या त्या टोकाला, ते मागे आले की मी दाराशी. एका जागी बसायचं नव्हतं, तेच माझ्या पथ्यावर पडलं. डबा तिथे नव्हता. फोन खिशातच होता, वाजलाही असेल. बाकावरच्या सगळ्यांचे वाजत होते. रेडिओ होता, दोघांचं एका सामन्यावरून भांडण झालं, एकाने कात्री चालू असतानाच घरच्यांशी फोनवर वाद घातला आणि त्याचा एक कल्ला लहान झाला. हे सगळं मला दिसलं, बघ ना, सांगतेच आहे. पण ब्रश टेकला की दोनदा आरसा. मन कल्ल्यावर गेलं तर कल्ला बघितला, आणि परत आरशात. रागवले नाही स्वतःवर. रागवायलाही वेळ लागतो.

दुकानात पिवळा दिवा आहे. त्या उजेडात कडेचा करडा जवळजवळ हिरवा दिसतो. तुझ्या खिडकीत तो मला कधी दिसला नव्हता. थेंब ठेवून बघितला. थेंबातही हिरवा.

काल खोलीवर येऊन वरचा थर चढवला, पॉलिश केला. आज सकाळी दुकानात बसवला. काकू आल्या. या वेळीही त्या दारात उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता दोन्ही डोळ्यांनी ऐकत नाहीत माझं," आणि पिशवी ठेवून आत गेल्या.

फोटो मागू नकोस. फोटोत उजेड वेगळा येतो, आणि तू तो कुठे टेकवून बघशील काय सांगावं. झालाय की नाही ते मी ठरवू शकत नाही. मला वाटतं झालाय. पण मागच्या वेळीही मला तसंच वाटलं होतं. महिना संपायच्या आत तू काय ते ठरव.

तुझी,
भिंगरी


३० मार्च

भिंगरे,

हे मी न्हाव्याच्या दुकानातून लिहितेय. कागद त्याच्या बिलबुकातला आहे, मागची बाजू.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सावकाश, दुपारी, खिडकीत, शेजारी काही नसताना. मग ताईला म्हटलं, मला गाडीतून नेऊन सोड. ती म्हणाली, "आई, जिने?" म्हटलं, जिने नाहीत, न्हावी तळमजल्यावर आहे.

त्याने मला काठीसकट दारातून आत घेतलं. म्हणाला, "या. आधी केस की आधी डोळा?" मी म्हटलं केस. त्याने खुर्ची खाली केली, अंगावर कापड टाकलं आणि कामाला लागला. चष्मा नव्हता. मी आरशात बघायला लागले.

तू मला ओळखतेस. मी दोष काढायला बसले होते. आणि निघाले भरपूर. कडेचा हिरवा जरा उतावीळपणे दिलाय. बाहुलीची कड एका बाजूला पुसट आहे. आत मधाचा रंग हवा तितका नाही, आणि खालच्या बाजूला एक काळसर डाग राहिलाय, तो तर अक्षम्य. मी मनात एक एक गोष्ट मांडत होते. न्हावी मानेवरचे केस काढत होता. मी ठरवूनही टाकलं होतं की घरमालकाला "नाही" म्हणून सांगायचं, आणि तुला कसं सांगायचं त्याचे शब्द जुळवत होते.

तेवढ्यात त्याच्या डोळ्यात केस गेला. उजव्या. त्याने तो चोळला, आणि माझ्या त्या काळसर डागाभोवती पाणी आलं.

इतकी वर्षं माणूस समोर बसवून काम केलं. समोरच्याचा डावा डोळा माझ्या उजव्या हाताला असतो. आरशात तो डाव्या हाताला येतो. एवढा वेळ मी त्याच्या आईबापांच्या कामात चुका काढत होते.

मग दुसऱ्या डोळ्याकडे बघितलं. बराच वेळ. त्याने विचारलं, "काय हो बाई, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही. एकच सांगते: पांढरा भाग जरा जास्तच पांढरा आहे, खरा डोळा इतका धुतलेला नसतो. पण तो मी घडवलेला आहे.

घरमालकाला इथूनच फोन केला आणि खोली ठेवतेय म्हणून सांगितलं. तो काहीतरी बोलत होता, ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग हो म्हटलं. भाडं आता तुझ्या नावाने. पुढच्या आठवड्यात एक बाई डोळ्यासाठी येणार आहेत, त्यांना तू भेट. त्या शिवणकाम करतात. त्यांना कुठे बघायचं ते तू ठरव.

न्हावी दुपारचं दुकान बंद करून हे वर आणून देईल. त्याच्याबरोबरच खाली ये. तू तीन दिवस कुठून कुठून बघितलंस ते मला एकदा बघायचंय. बाकावर माझ्याशेजारी जागा आहे, आणि त्याला सांगितलंय की संध्याकाळचं पहिलं गिऱ्हाईक आल्याशिवाय दिवा लावू नको, म्हणजे तो लागला की तुझा हिरवा दोघी मिळून बघू.

आत्या